पोच येईपर्यंत

आईचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात लेकीने टेबलावरची धूळ पुसून घेतली. बाबा दाराशी उभे होते. आतही येईनात, जाईनातही.

संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, असं तिने आल्या आल्या सांगितलं होतं. त्यावर बाबांनी फक्त 'हं' केलं. या माणसाने जन्मभर मूग गिळले. ती शिकायला घराबाहेर पडली त्या दिवशीही त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं, आणि ते तिला अजून सलत होतं.

माया जी काय मिळाली ती आईकडून, तीही लिहून. रोज एक मेसेज. जेवलीस का, खोकला गेला का, आणि प्रवास असला की शेवटी, पोचलीस की कळव. फोनवर मात्र मेसेजचा विषय निघाला की आई हसून टाळायची. लिहिलेलं परत बोलायचं नसतं गं, म्हणायची.

आई जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

गप्पांचं ते अ‍ॅप लेकीच्याच कंपनीचं. मेसेज पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवरच राहायचे, दुसरीकडे कुठेच नाहीत. आता ते जुन्या साठवणीतून नव्या साठवणीत हलवायचं काम तिच्याकडे होतं. जुनी साठवण लिहून होईपर्यंत बाकी सगळं अडवून ठेवायची. नवी लगेच 'हो' म्हणते आणि मागाहून सवडीने लिहिते. म्हणून लिहिल्याची पोच येईपर्यंत जुनं पुसायचं नाही, एवढा साधा नियम.

तोच तिच्या हातून राहिला. पहिली चाचणी तिने स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली. जुनं आधी पुसलं गेलं, नवं लिहिलंच गेलं नाही, आणि आईचा शब्द न् शब्द गेला. हात दाखवून अवलक्षण! त्या दिवशी ती ऑफिसच्या जिन्यात बसून रडली होती. आता आशा होती ती फक्त आईच्या या कॉम्प्युटरवर.

दुरुस्त केलेला कोड तिने पुन्हा एकदा नीट वाचला आणि बटण दाबलं.

बाबांनी खिशातला फोन उगाच चाचपला. "त्यातलं सगळं दिसेल का तुला?"

"पोच येऊ द्या, बाबा."

पोच आली. हलवलेले मेसेज, शून्य.

तिने जुनी साठवण उघडून पाहिली. तीही रिकामी. कॉम्प्युटर सुरू होताच चाचणीचा तो चुकीचा कोडच अ‍ॅपबरोबर आधी इथे उतरला असणार, दुसरं काय! तिने टेबलावर डोकं टेकलं.

"माझ्याच हाताने आईला पुसलं मी, बाबा. दोन्हीकडून."

बाबा आत आले आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "यात काही नव्हतंच."

त्यांनी खिशातून फोन काढला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि तो तिच्यापुढे ठेवला. वर पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव होतं. त्याखाली रोजचे ते सगळे मेसेज, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. आणि सगळ्यात खाली, लिहायच्या चौकटीत, आजचीच, न पाठवलेली एक ओळ: 'संध्याकाळची गाडी आहे ना, बाळ? पोचलीस की कळव.'