क्लीनरची सीट

टँकरमध्ये कॅमेरे कुठे बसवायचे, हे आमच्या कंपनीत मी ठरवते. पेणच्या घरी बसून, लेकीला मांडीवर घेऊन, गाड्या लाइव्ह बघण्याचं कामही माझंच. माझा नवरा प्रविण यातलाच एक टँकर चालवतो. त्याच्या केबिनमध्ये मी एक कॅमेरा जास्तीचा लावला, क्लीनरच्या सीटवर रोखलेला. त्याच्या गाडीवर क्लीनर नाही. साहेबांना कारण वेगळंच सांगितलं.

आज दुपारी वडखळ सुटल्यावर त्या सीटचा पट्टा लावलेला दिसला. रिकाम्या सीटवर तो छातीशी फुगला होता, श्वासागणिक हलत होता.

मी स्पीकरवर विचारलं, "शेजारी कोण हाय हो?"

"कोन नाय गो! तुझाच कॅमेरा हाय, बघ की," म्हणून तो हसला. मग डावीकडे वळून पुन्हा हसला, हळूच.

पुढे गडब गावात गाडी थांबवून त्याने उकडलेल्या शेंगा घेतल्या. दाणे सोलून हात त्या सीटकडे नेला. हात परत आला तो रिकामा. मला त्याने कधी एक शेंग सोलून दिलेली नाही. भीती वाटायच्या आधी माझा जळफळाट झाला.

लेक ऋतुजा वर्षाची झाली, अजून बोलत नाही. "आई म्हण" म्हणून मी रोज तिच्या मागे लागते.

ती मांडीवरून स्क्रीनकडे झेपावली. बापाकडे नाही, पट्ट्याकडे. दोन्ही हात पसरून स्पष्ट म्हणाली, "आई."

स्पीकरवर पट्टा सुटल्याचा आवाज आला.