निरोगी रोपं

तुलनेसाठी निरोगी ठेवलेल्या टोमॅटोच्या रोपांवर तिसऱ्यांदा विषाणूचे पिवळे चट्टे उमटले. आता विद्यापीठ मुदतवाढ देणार नव्हतं. ऋजुताची पीएचडी बुडाल्यात जमा होती.

"कुणाच्यातरी हातावरून रोग आत जातोय," तिचे मार्गदर्शक बोराटे सर गरजले. "सगळ्यांचे अंगठे तपास. सापडेल त्याला हाकलून देऊ."

हरितगृहात शिरताना दुधात हात बुडवायचे, म्हणजे विषाणू निकामी होतो, हा नियम सरांचाच. ते स्वतः तो कटाक्षाने पाळत. हात बुडवत, पुसत, मग निवांत तंबाखू मळून बार भरत आणि आत जाऊन एकेका रोपाला मायेने कुरवाळत.

ऋजुताने नऊ अंगठे तपासले. विषाणू एकाच अंगठ्यावर निघाला. तिने धीर करून अहवाल सरांपुढे ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला. नंतर स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहिला.

"म्हणजे माझ्या तंबाखूतून?"

"हो, सर. हा विषाणू सुकवलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि टोमॅटोलाही लागतो."

"वा! मग रोपं वाया गेली नाहीत की! प्रबंधात हेच लिही," सर खुलले. "फक्त शोधनिबंधावर पहिलं नाव माझं टाक. अंगठा माझा आहे."