कव्हराखालचा बेल्ट

करूळ घाटाच्या पहिल्याच वळणावर म्हैस आडवी आली आणि श्रीधरने करकचून ब्रेक दाबला. मागच्या सीटवर त्याची बायको मानसी कळा सोसत बसली होती. आठवा महिना. ती पुढे आपटणार, तोच शेजारी बसलेल्या सासूने, कुमुदताईंनी, तिला दोन्ही हातांनी धरलं.

"गाडी बाजूला घे. हिला बेल्ट लावायचाय."

"आई, मागे कोण लावतं गं? आधी दवाखाना गाठू दे!"

"बाजूला घे म्हटलं ना! बेल्ट लागल्याशिवाय पुढे जायचं नाही!"

बेल्ट हाती आला, पण बकल सीटच्या कव्हराखाली गेलं होतं. कव्हर कुमुदताईंनीच हौसेने शिवलेलं, त्यांच्या आईच्या इरकली लुगड्याचं. त्यांनी पदराची पिन काढून शिवणीत खुपसली. दुहेरी टाके उसवेनात, तेव्हा वाकून दात लावले.

"अहो आई, आजींची आठवण आहे ती!" मानसी कळवळली.

"असू दे." काठ टर्रकन फाटला. पट्टा त्यांनी पोटाच्या खालून, मांड्यांवरून घेतला आणि खटका बसेपर्यंत दाबला.

श्रीधर वळून बघत राहिला. "एवढं काय झालं गं?"

"मीही अशीच आठव्या महिन्यात या घाटाने माहेरी निघाले होते. आंब्याच्या ट्रकात, पेट्यांवर बसून. ड्रायव्हरने एकदाच ब्रेक दाबला." त्यांनी मानसीचा हात घट्ट धरला. "तुला मोठा भाऊ होता, श्रीधर. चल आता. सावकाश ने."