नवऱ्या मुलाचं वय

“जे ठाऊक नाही त्याला क्ष म्हणा, मग ते लपत नाही.” शाळेतल्या बाईंचा आवाज ओयदिनला आठवला. उझबेकिस्तानातल्या खिवा शहरात, घरच्या अंगणात तिची सोयरीक ठरत होती. रिवाजाप्रमाणे बाबांनी नान मोडली की शब्द पक्का. “मुलाचं वय नक्की किती?” तिने पुन्हा विचारलं. वराचे मामा हसले, “गणितवाली ना तू? तुला अठरा. आणखी अठरा वर्षांनी त्याच्या वयाची दुप्पट म्हणजे तुझ्या वयाची तिप्पट. काढ!” बैठक खिदळली. ओयदिनने चहात बोट बुडवून तबकावर मांडलं, २(क्ष+१८)=३×३६. “छत्तीस! तुम्ही तर पंचवीस म्हणाला होतात!” “जीभ आवर, चहा ओत,” म्हणत बाबांनी नान उचलली. ती जागची हलली नाही. “नाही मोडायची, बाबा.” शेजारी बसलेल्या आईने बाबांच्या हातातली नान ओढून घेतली. “अहो, तुमचंही वय मला असंच खोटं सांगितलं होतं. कळलं, तेव्हा नान मोडून झाली होती.”