सेइनीबाईंचा सूर

"आता हलायचं नाही हं," असं म्हणत हॉस्पिटलातल्या गोऱ्या पोरीने मुखवटा खटाखट टेबलाला अडकवला. प्लास्टिकची जाळी सेइनीच्या कपाळावर, नाकावर, गालांवर आवळून बसली. तोंड उघडता येईना. चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींपैकी कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, चला, बाई एकदाच्या गप्प बसल्या.

साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या कानाच्या नसेवर वाटाण्याएवढी. चहूबाजूंनी किरण नेमके तिच्यावर सोडायचे, म्हणजे ती वाढायची थांबते. कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. "मात्र कानाचं जे गेलंय ते परत येणार नाही," हेही त्यांनी सांगून टाकलं. "उरलंय तेवढं टिकवायचं बघू." कॅन्सर नाही म्हटल्यावर मांगेरे वस्तीतल्या बायका निर्धास्त झाल्या. साधीच आहे ना, मग झालं तर! साधी म्हणे. गेलं वर्षभर सेइनी दमलेली उठायची आणि दमलेलीच झोपायची. ते कोण विचारतो?

उरलेलं ऐकणं तिला एकाच गोष्टीसाठी हवं होतं. आईच्या माघारी तिने ही मंडळी हातात घेतली आणि त्यांना गायला शिकवता शिकवता तिचे केस पिकले. कान गेला तर पुढे उभं राहणं संपलं. मग सगळं तिच्या हाताखालच्या आलिसीच्या गळ्यात पडणार, आणि आलिसी तर मांजराला हाकलतानाही आधी माफी मागणारी.

बरं, मंडळींचं तरी काय चांगलं चाललं होतं? वर्षभर त्यांचं गाणं नासलं होतं, नारळाचं दूध नासतं तसं. सेइनी ओरडून ओरडून थकायची. "बायांनो, वर चढताय. उतरा. अजून उतरा. फेलेती, तुझा खर्ज पडतोय, वर घे." नवऱ्यालाही तिने कधी सोडलं नाही. सगळे खाली मान घालून ऐकायचे. मोठ्या माणसाला उलट बोलायची आपल्या बेटावरच्या लोकांत रीत नाही. मागच्या मेळाव्यात गाण्याच्या स्पर्धेत त्यांचा शेवटचा नंबर आला. "हेच पांग फेडलेत माझे?" एवढंच ती बोलली, आणि मग कित्येक दिवस कुणाशी बोललीच नाही. तेव्हाही कुणी तोंड उघडलं नाही.

यंत्र तिच्या डोक्याभोवती घरघरत फिरलं आणि थांबलं. मुखवटा निघाला. बाहेर फेलेती वाट बघत बसला होता.

"जाळ्यात सापडलेली मासळी दिसतेस," तो म्हणाला. गालांवर जाळीचे वळ उठले होते.

"गाडी चर्चकडे घे. आज तालीम आहे."

"घरी चल गं. तुझ्या बहिणीने मटणाचं लू पाठवलंय. वरची अळूची पानं काय मऊ शिजलीत! खा आणि झोप."

"मी नसले की ही मंडळी काय घाण करत असतील, मला माहितीय."

फेलेतीने गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. सिग्नलला त्याने फोन काढला. "त्यांना आधी कळवायचं नाही," म्हणत सेइनीने तो हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

ते पोचले तेव्हा चर्चच्या हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आत गाणं चाललं होतं. मुखवट्याने डावी बाजू ठणकत होती. सेइनी गाडीला टेकली, डाव्या कानावर तळहात दाबून धरला, आणि तशीच उभी राहिली.

गाणं सुरेख होतं. वरचे आवाज, मधले आवाज, खर्ज, सगळं एकमेकांत विरघळलं होतं. तिच्या आईच्या वेळी गायचे तसं. तिने हात काढला. गाणं नासलं. हात ठेवला. पुन्हा गोड. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग तिला कळलं. डावा कान तिला खोटं ऐकवत होता.

सेइनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारे वर्षभर बरोबर गात होते आणि आपण त्यांना फाडून खात होतो. पण मग शेवटचा नंबर का आला? परीक्षकांचे तर दोन्ही कान शाबूत होते. ते मागाहून बघू. आत जायचं, सगळ्यांची माफी मागायची आणि आलिसीला सांगायचं की यापुढे तूच उभी राहा. तिला रडू येत होतं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं.

"सेइनी, आज नको," फेलेती म्हणाला. "ऐक माझं. घरी जाऊ."

तिने कानावरचा हात न काढताच दार ढकललं. आलिसीने तिला पाहिलं, हात खाली घेतले आणि लगबगीने बाजूला सरून पुढची जागा मोकळी केली. गाणं थांबलं नाही. कुणी कुणाला खूण केली नाही. सगळे तिच्याकडे बघून मायेने हसले. मग बायका हळूच उतरल्या, अजून उतरल्या. पुरुष वर चढले. तिच्या चांगल्या कानादेखत ते भरलेलं गाणं नासत गेलं.

आणि मागे दारात उभ्या असलेल्या फेलेतीनेही आपला खर्ज लावला, तिने सांगितला होता अगदी तेवढाच वर.