केशरी ड्रम

डिंभ्याच्या धरणात मुआज बुडाला, तो सापडलाच नाही. त्यानंतर त्याच्या वडिलांनी, चांदभाईंनी, आसपासच्या गावांतल्या पोरांसाठी शिडाच्या होड्यांचा क्लब काढला. पोरगा दिसेनासा झाला तिथं त्यांनी दगड बांधून एक केशरी ड्रम तरंगत ठेवला होता. ड्रमजवळ आलं की प्रत्येक होडीनं शीड उतरवायचं, हा क्लबचा नियम.

यंदा पाणी पार मागं गेलं आणि होड्या चिखलात कलंडल्या. उन्हानं फळ्या तडकायला लागल्यावर होड्यांची डागडुजी करणारा भिमाजी वैतागला.

"चांदभाई, येडगावच्या धरणात पाणी हाये. होड्या टेम्पोत घालून तिकडं नेऊ. हितं ठेवल्या तर सगळ्याचं सरपण व्हईल."

"थोडं थांबू, भाऊ," एवढंच चांदभाई म्हणायचे आणि काठावर जाऊन बसायचे. पावसाची वाट बघत असतील, असं आम्ही क्लबातली माणसं धरून चाललो. पोरं यायची बंद झाली, तरी ते बसलेलेच.

मग एका सकाळी ड्रम भेगाळलेल्या गाळावर टेकलेला दिसला. चांदभाईंनी चपला काठावर काढल्या आणि ते चालत तिथवर गेले. मागोमाग भिमाजी आणि आम्ही. त्यांनी वाकून एकेक करत तीन मुठी माती ड्रमच्या बुडाशी टाकली. मग ते भिमाजीकडे वळले.

 

"पोराला माती द्यायची राहिली व्हती, भाऊ. आता न्या होड्या."