पट्टा गरम असेपर्यंत

फोन आला तेव्हा मुकादम डांबर पसरणाऱ्या पेव्हरच्या पायरीवर उभा होता. यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावला, आणि त्यामुळे पेव्हरवाल्यानेही सगळं ऐकलं. दवाखान्यातून रोलर ड्रायव्हरची बहीण बोलत होती. भाऊ फोन उचलत नाही, म्हणाली. वहिनी गेली. बाळही वाचलं नाही. पुढे तिला बोलवेना.

मुकादम "बरं" म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला आणि पुढच्या ट्रकला हात केला, मागे ये म्हणून.

पेव्हरवाला भाड्याच्या यंत्राबरोबर कालच या टोळीत आला होता. त्याला इथलं कुणी ओळखत नव्हतं आणि तोही कुणाला ओळखत नव्हता. पण गप्प बसणं त्याला जमेना.

"त्याला खाली बोलवा," तो म्हणाला.

"पट्टा गरम आहे."

"अहो, बायको गेलीय त्याची."

"ऐकलं मी. तू यंत्र थांबवू नकोस."

रस्त्यावर पसरलेल्या पट्ट्यातला डांबराचा माल गरम आहे तोवरच दाबावा लागतो. एकदा गार झाला की त्यावर हत्ती नाचवला तरी फरक पडत नाही. आणि गरम मालावर रोलर उभा करता येत नाही. उभा राहिला की चाकाखाली खड्डा. हे सगळं पेव्हरवाला मुकादमाइतकंच जाणून होता. मागे ट्रक रांगेत उभे होते आणि रोलर चालवणारा एकच होता, हेही त्याला दिसत होतं. तरी त्याच्या डोक्यात सणक गेली. त्याची स्वतःची बायको गेली तेव्हा त्यालाही असंच काम उरकल्यावर सांगितलं होतं. तो पोचला तोवर घरचे सगळं आटोपून त्याची वाट बघत बसले होते. सांगणाऱ्या साहेबाचा तोंडावळा तो अजून विसरला नव्हता.

रोलर पुढेमागे करत पेव्हरजवळ आला. ड्रायव्हर भरल्या अंगाचा, हसतमुख गडी. सकाळी बायकोला दवाखान्यात सोडून तो आला होता. डॉक्टर म्हणाले होते, पहिलटकरीण आहे, संध्याकाळ होईल. आज फावडेवाल्यांना चघळायला तोच विषय होता. बाळ बापावर गेलं तर रोलरच्या चाकाएवढं असेल, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मग दवाखान्याची खाट बदलून मागावी लागेल. हसताना ते मुकादमाकडे तिरके बघत आणि आवाज खाली आणत. पेव्हरवाल्याला वाटलं, घाबरतात बिचारे.

"मुलगीच होणार," ड्रायव्हर वरून म्हणाला. "आईसारखी. मला धाकात ठेवणारी."

मग त्याने मुकादमाला विचारलं, "फोन आला का?"

"नाही," मुकादम म्हणाला. "चाकावर पाणी सोड. माल चिकटतोय."

पेव्हरवाल्याने दात आवळले. माणूस एवढा दगड असू शकतो, हे त्याने पाहिलं होतं. पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मुकादम खाली बसून मालात थर्मामीटर खुपसत होता. बघून उठला, चार पावलं गेला, परत येऊन तिथेच पुन्हा बसला. कामाची एवढी फिकीर.

ट्रक बदलायला मध्ये थोडा वेळ मिळाला. पेव्हरवाला पाण्याची बाटली घेऊन रोलरकडे गेला. आता सांगायचंच, मग काम गेलं खड्ड्यात. त्याने बाटली वर दिली. ड्रायव्हर रोलर हळूहळू चालवतच पाणी प्यायला.

"नाव ठरवलंय आम्ही," तो म्हणाला. "पण आत्ता सांगणार नाही. तिने बजावलंय, आधी फुटलं तर बोलणार नाही म्हणून."

पेव्हरवाल्याने रिकामी बाटली परत घेतली आणि तो तसाच माघारी आला. पायरीवर मुकादम होता. त्याने विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस. आणखी थोडा वेळ खुशीत राहू दे त्याला."

"गोड बोलायला काय जातंय तुमचं," पेव्हरवाला म्हणाला. "तुमचा पट्टा दबतोय ना. तुमच्या घरचं कुणी असतं म्हणजे बघितलं असतं."

मुकादमाने पुढच्या ट्रकला हात केला. उन्हाने त्याचे डोळे लाल झाले होते. दुपारी डबा उघडला तोही त्याने तसाच बंद करून ठेवला.

शेवटचा ट्रक रिकामा झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. ड्रायव्हरने शेवटच्या फेऱ्या मारल्या. पट्टा आरशासारखा सपाट झाला. पाण्याचा थेंब टाकला असता तर कुठे जाऊ विचारत बसला असता. मग त्याने रोलर जुन्या, गार रस्त्यावर नेला आणि इंजिन बंद केलं.

मुकादम तिकडे निघाला. पेव्हरवाला मुद्दाम त्याच्या मागे गेला. आत्ताच कळलं, असं हा म्हणाला तर तिथल्या तिथे तोंडावर खोटं पाडायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ड्रायव्हरला निदान कुणाच्या गळ्याला हात घालायचा ते तरी कळू दे.

ड्रायव्हर अंग पुसत खाली उतरला. मुकादमाचा चेहरा बघून तो थबकला, तरी हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "फोन आला ना? मुलगी ना?"

मुकादमाने हेल्मेट काढून खाली ठेवलं. पुढे होऊन त्याने ड्रायव्हरचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"माझी लेक गेली," तो म्हणाला. "बाळही गेलं. घरी तिच्या आईला अजून सांगायचंय."